जीएम पिकांची खात्रीची माहिती कशी काढायची आणि तिचं पुढे काय करायचं : सातारा-सांगलीकरांसाठी

खरिपाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्राच्या कट्ट्यावर जीएमचा, म्हणजे प्रयोगशाळेत दुसऱ्या जिवाचं जनुक घातलेल्या पिकांचा, विषय निघाला नाही असं होत नाही. कुणी सांगतं, अमुक सोयाबीन जीएम आहे म्हणून एवढा उतारा देतं. कुणी मोबाइल पुढे करून अंगावर गाठी आलेल्या उंदराचा फोटो दाखवतं. दोघांनाही ‘हे कुठे छापून आलंय, परवानगी कुणी दिली, तारीख काय’ असं विचारलं की बोलणं तिथेच थांबतं. या तीन प्रश्नांची उत्तरं कुठे सापडतात आणि सापडल्यावर ती कुणाच्या टेबलावर ठेवायची, ते इथे सांगतो.

जीएमच्या बाजूने जायचं की विरोधात, हे तुमचं तुम्ही ठरवा. माझा आग्रह नेमकेपणाचा आहे. ‘जीएम बंद करा’ अशा अर्जावर आवक नंबर पडतो आणि अर्ज फायलीत जातो. ‘जिल्ह्यातली जैवसुरक्षा समिती शेवटची कोणत्या तारखेला बसली’ असं विचारलं तर अधिकाऱ्याला सही करून उत्तर द्यावं लागतं.

पहिलं काम : आपल्या शेतात काय आहे आणि गोठ्यात काय आहे

भारतात व्यापारी लागवडीला परवानगी मिळालेलं जीएम पीक एकच आहे, बीटी कापूस (बीटी या जिवाणूचं बोंडअळीला मारणारं जनुक घातलेला). पहिली परवानगी मार्च २००२ ची, दोन जनुकांचं बोलगार्ड-२ आलं २००६ मध्ये. बीटी वांग्याला ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी समितीने, म्हणजे जीईएसीने, होकार दिला होता. पण ९ फेब्रुवारी २०१० ला तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. डीएमएच-११ या जीएम मोहरीची शिफारस ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात अडकलं. २३ जुलै २०२४ ला दोन न्यायमूर्तींनी वेगवेगळा निकाल दिला. केंद्राने जीएम पिकांचं राष्ट्रीय धोरण करावं, यावर मात्र दोघांचं एकमत झालं.

म्हणजे आपल्याकडचा ऊस, हळद, द्राक्ष, डाळिंब, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी यांतलं काहीही जीएम नाही. ज्याच्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे ते फुले संगम सोयाबीनही नाही. त्याच्या केडीएस ७२६ या नावातलं ‘केडी’ म्हणजे मिरज तालुक्यातलं कसबे डिग्रज. तिथल्या कृषी संशोधन केंद्रात नेहमीच्या संकर आणि निवड पद्धतीने हे वाण तयार झालं. संकरित बी, टिश्यू कल्चरची केळी, बिनबियांची द्राक्षं, यांतलं काही जीएम ठरत नाही. औषधाच्या बाटलीवर ‘बीटी’ लिहिलं असेल तर ते त्याच जिवाणूपासून बनवलेलं कीटकनाशक असतं, ते फवारलं म्हणून पीक जीएम होत नाही.

गोठ्याची गोष्ट वेगळी. देशातल्या कापसाखालच्या क्षेत्रापैकी ९० टक्क्यांहून जास्त क्षेत्र बीटीचं आहे, तेव्हा म्हशीपुढे ठेवतो ती सरकी पेंड त्याच सरकीची. सरकीचं तेलही त्याच घाण्यातून येतं. अर्जेंटिना आणि ब्राझीलहून येणारं सोयाबीन तेल बहुतांशी जीएम सोयाबीनचं असतं. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने १२ लाख टन जीएम सोया पेंड आयात करायला परवानगी दिली, तेव्हा आपल्या दोन्ही जिल्ह्यांत एकाच गावात दोन मतं झाली. पोल्ट्रीवाल्याला डीओसी (तेल काढलेली सोया पेंड) परवडत नव्हती म्हणून त्याला आयात हवी होती. सोयाबीनवाल्याला मिळत असलेला चढा भाव खाली येईल ही धास्ती होती. दोघांचंही म्हणणं खरं होतं. जीएमचा विषय निघाला की आपण थेट कॅन्सरवर जातो आणि भावाचा, आयातीचा हा भाग सुटून जातो. माझ्या मते आपल्या भागापुरता तोच जास्त तातडीचा आहे.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. मे २०२५ मध्ये केंद्राने भाताची दोन वाणं जाहीर केली, डीआरआर धान १०० (कमला) आणि पुसा डीएसटी राइस १. ती जनुक-संपादित आहेत, म्हणजे पिकाच्या स्वतःच्याच जनुकात नेमका बदल केलेली. त्यांच्यात बाहेरच्या जिवाचं जनुक राहत नाही, म्हणून मार्च २०२२ च्या केंद्राच्या आदेशानुसार अशा पिकांना जीएमच्या नियमांतले काही टप्पे लागू होत नाहीत. ही सूट योग्य की अयोग्य यावर वाद घालता येईल. पण ‘जीएम भाताला परवानगी मिळाली’ अशी बातमी दिसली की ती कशाबद्दल आहे ते आधी बघा.

आलेला मेसेज कसा तपासायचा

कोणताही दावा समोर आला की चार गोष्टी शोधा : पीक कोणतं, त्यात जनुक कोणतं, प्रयोग किंवा लागवड कुठली, वर्ष कोणतं. यातलं एकही मेसेजमध्ये नसेल तर तो पुढे पाठवू नका.

गाठी आलेल्या उंदरांचंच घ्या. तो फोटो फ्रान्समधल्या सेरालिनी यांच्या २०१२ च्या शोधनिबंधातला. उंदरांची संख्या कमी होती आणि त्यांची जातच अशी की वय वाढलं की गाठी होतातच, असे आक्षेप आले. २०१३ मध्ये नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला, २०१४ मध्ये दुसरीकडे तो पुन्हा छापला गेला. निबंधाचं नाव टाकून पुढे ‘मागे घेतला का’ एवढं शोधलं तरी हा सगळा इतिहास समोर येतो.

दुसऱ्या बाजूच्या दाव्यालाही हीच चाळणी लावा. ‘बीटीने कापसाचं उत्पादन दुप्पट केलं’ हे वाक्य आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. २००२ च्या आगेमागे देशाची सरासरी हेक्टरी ३०० किलो रुईच्या आसपास होती, पाच-सहा वर्षांत ती ५०० च्या वर गेली. त्याच काळात खत वाढलं, ठिबक आलं, नवी कीटकनाशकं आली. त्यामुळे वाढीचं श्रेय कुणाला किती, यावर शास्त्रज्ञांतच मतभेद आहेत. पुढे आकडा घसरला, गुलाबी बोंडअळीने आधी एका आणि मग दुसऱ्या जनुकाला दाद देणं बंद केलं. पहिल्या जनुकाला न जुमानणारी अळी गुजरातेत सापडल्याचं २०१० मध्ये बियाणं विकणाऱ्या कंपनीनेच जाहीर केलं होतं. हिरव्या बोंडअळीवर बीटी चाललं, हेही तितकंच खरं आहे. कुठल्या अळीबद्दल आणि कुठल्या वर्षाबद्दल बोलतोय ते सांगितलं नाही तर दोन्ही बाजू खोट्या पडतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा २०१६ चा अहवाल दोन्ही गट अर्धा अर्धा सांगतात. आरोग्याला इतर पिकांपेक्षा जास्त धोका असल्याचा ठोस पुरावा नाही, असं त्यात आहे. तणनाशकाला दाद न देणारी तणं ही शेतीपुढची मोठी अडचण झाली आहे, हेही त्याच अहवालात आहे. अहवालाचा सारांश मिळाला तर शेवटपर्यंत वाचा, आणि लिहिणाऱ्याचा खर्च कुणी उचलला हेही बघा. बियाणे कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या संस्था आहेत, तशा जीएमला विरोध हेच काम असलेल्या संस्थाही आहेत. दोघांकडची माहिती वापरा, पण मूळ कागदाशी जुळवून.

मूळ कागद कुठे मिळतात

जीएमचा सगळा कारभार पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ खालच्या १९८९ च्या नियमांवर चालतो. प्रयोगशाळेतलं आणि सुरुवातीच्या चाचण्यांचं काम जैवतंत्रज्ञान विभागाची आरसीजीएम समिती बघते. मोकळ्या शेतात आणायची शिफारस पर्यावरण मंत्रालयाची जीईएसी करते. जीईएसीच्या बैठकींची इतिवृत्तं तिच्या संकेतस्थळावर असतात. भाषा इंग्रजी आणि रटाळ असते, पण सगळं वाचायची गरज नसते. पिकाचं नाव शोधा आणि त्या मुद्द्याखालचा शेवटचा परिच्छेद वाचा. ‘शिफारस केली’, ‘पुढे ढकललं’, ‘अधिक माहिती मागवली’ यांतलं काहीतरी तिथे लिहिलेलं असतं. चाचणीची परवानगी आणि विक्रीची परवानगी या वेगळ्या गोष्टी आहेत. वर्तमानपत्राच्या मथळ्यात नेमका इथेच घोळ होतो.

संसदेच्या संकेतस्थळावर खासदारांचे प्रश्न आणि मंत्र्यांची लेखी उत्तरं मिळतात. शेतीविषयक स्थायी समितीचा २०१२ चा आणि विज्ञान-पर्यावरण समितीचा २०१७ चा अहवाल जीएमवरच आहे. बीटी वांग्याच्या स्थगितीचा २०१० चा निर्णय अवश्य वाचा. त्याच्या सोबत राज्य सरकारांची पत्रं आहेत, बाजूने आणि विरोधात लिहिलेल्या शास्त्रज्ञांचीही आहेत. मतभेद असलेल्या विषयावर सरकारने निर्णय कसा लिहावा, याचा इतका चांगला नमुना मला दुसरा दिसलेला नाही.

इंग्रजी अडली तर बोरगाव किंवा कालवडे इथल्या कृषी विज्ञान केंद्रात जा. कागदाची छापील प्रत आणि नेमका परिच्छेद घेऊन गेलात तर तिथले विषय विशेषज्ञ वेळ देतात.

बियाण्याची पिशवी : पुरावा तिथेच असतो

तणनाशक मारलं तरी न मरणारी एचटीबीटी कपाशी, ज्याला विदर्भात ‘चोर बीटी’ म्हणतात, तिला देशात परवानगी नाही. कापूस आपल्याकडे थोडा असला तरी बिनबिलाचं बी विकणारा माणूस इथेही फिरतो. तो ‘साहेब, घरचंच आहे’ म्हणाला की समजून जा. उगवलं नाही, रोग आला, तर भरपाई मागायला तुमच्या हातात काहीच राहत नाही. जूनमधला मजुरीचा खर्च बघता खुरपणी वाचते या आशेने माणूस ते घेतो, हे मला कळतं. पण बेकायदा बियाण्याची चाचणी कुणी केलेली नसते आणि नुकसान झालं तर त्याची जबाबदारीही कुणी घेत नाही.

पिशवी घेताना टॅग बघा : प्रमाणित बियाण्याला निळा, पायाभूतला पांढरा, सत्यतादर्शकला हिरवट. लॉट नंबर, वापरायची मुदत, उत्पादकाचं नाव यांचा फोटो काढा. बिलावर तोच लॉट नंबर लिहून घ्या. पिशवी वरून न फाडता खालून उघडा म्हणजे टॅग शाबूत राहतो, आणि मूठभर बी त्याच पिशवीत ठेवून ती काढणीपर्यंत जपा. केंद्राच्या साथी पोर्टलवर क्यूआर कोडवरून लॉटचा माग काढायची सोय झाली आहे, कोड असेल तर दुकानातच स्कॅन करा.

शंका आली तर लेखी तक्रार पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे द्या, एक प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांना. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पंचनामा करते, त्यात विद्यापीठाचा माणूस असतो. ती येईपर्यंत प्लॉट मोडू नका. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचा आणि न पटलेला मुद्दा सहीशेजारीच लिहा. शेतकरी हा बियाण्याचा ग्राहक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात सांगितलं आहे, तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही मोकळा आहे.

स्वतः तपासणी करायची तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पीसीआर चाचणी होते, ती डीएनएवरून जनुक आहे का ते सांगते. बी, पान, भरडा चालतो. शुद्ध केलेल्या तेलात डीएनए जवळजवळ उरत नाही, त्यामुळे तेलाच्या पाकिटावर पैसे घालवू नका. तक्रारीने काही होत नाही असं वाटणाऱ्यांसाठी : २०१९ मध्ये हरियाणातल्या फतेहाबाद जिल्ह्यात बेकायदा बीटी वांगं असल्याची तक्रार झाली, नमुने तपासले गेले, जनुक सापडलं आणि पीक नष्ट करण्यात आलं.

माहिती अधिकाराचा अर्ज

१९८९ च्या नियमांनुसार राज्यात मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली जैवतंत्रज्ञान समन्वय समिती आणि जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती असायला हवी. फार थोड्यांना हे ठाऊक आहे. म्हणून पहिला अर्ज तिथेच करा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा किंवा राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर भरा. मजकूर असा ठेवता येईल :

“जन माहिती अधिकारी, जिल्हाधिकारी कार्यालय, सांगली. विषय : १९८९ च्या जैवसुरक्षा नियमांखालील जिल्हास्तरीय समिती. कालावधी : १ एप्रिल २०२० पासून अर्जाच्या तारखेपर्यंत. हवी असलेली माहिती : (१) समिती स्थापनेच्या आदेशाची प्रत. (२) सध्याच्या सदस्यांची पदनामं. (३) या काळात झालेल्या बैठकींच्या तारखा आणि इतिवृत्तांच्या प्रती. (४) जिल्ह्यात जीएम पिकाच्या शेतचाचणीबाबत आलेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असल्यास कलम ६(३) नुसार अर्ज तिकडे वर्ग करावा.”

‘का’ आणि ‘कसं’ विचारू नका, कागदाची प्रत मागा. अर्ज हातोहात दिलात तर पोच घेतल्याशिवाय हलू नका. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, तिथेही काही झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. ‘अशी समिती अस्तित्वात नाही’ असं उत्तर आलं तर निराश होऊ नका. पालकमंत्र्यांना पत्र लिहायला आणि स्थानिक पत्रकाराला दाखवायला त्याच्याइतका पक्का कागद नाही.

जीईएसीबद्दलचा अर्ज केंद्राच्या पोर्टलवर, पर्यावरण मंत्रालयाकडे. चाचण्यांची आकडेवारी ‘व्यापारी गुपित’ म्हणून नाकारली जाऊ शकते. तेव्हा अपिलात जीएम मोहरीच्या प्रकरणाचा आधार घ्या. केंद्रीय माहिती आयोगाने २०१६ मध्ये जैवसुरक्षेची माहिती उघड करायला सांगितलं होतं.

ग्रामसभा आणि कृष्णाकाठची वांगी

बीटी वांग्याच्या गोष्टीत आपल्या भागाचा एक धागा आहे. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने हे जनुक ज्या स्थानिक वाणांत घातलं, त्यांत मांजरी गोटा होतं आणि कुडची लोकल होतं. कुडची म्हणजे मिरजेहून बेळगावच्या गाडीने जाताना कृष्णेवर लागतं तेच गाव. स्थानिक वाणं वापरताना जैवविविधता कायद्याप्रमाणे घ्यायची परवानगी घेतली गेली नाही, अशी तक्रार झाली आणि २०११ मध्ये राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने कायदेशीर कारवाई करायचं ठरवलं. तंत्रज्ञान चांगलं की वाईट हा वाद जिथे वर्षानुवर्षं मिटत नव्हता, तिथे ‘वाण कुणाचं, विचारलं कुणाला’ हा प्रश्न थेट कायद्याला भिडला.

जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. बऱ्याच गावांत ही वही तयार झाली आहे, पण ती कुणीतरी बाहेरून येऊन भरून गेलेली असते. ग्रामपंचायतीत जाऊन ती उघडायला लावा. कृष्णाकाठची वांगी, माणदेशातली ज्वारी आणि मटकी, पाटणच्या डोंगरातला भात, घरात राखलेलं घेवड्याचं बी यांतलं काय नोंदलं आहे ते बघा. राहिलेलं वाण नोंदवताना नाव, कोण जपतं, किती वर्षांपासून, पेरणी-काढणीचा महिना, फळाचा रंग, काटे, चव असं सगळं लिहा आणि फोटो लावा. बी राखणाऱ्या आजींना समितीसमोर बसवून त्यांच्या शब्दांत नोंद घेतली तर ती सर्वांत भरवशाची.

ठराव करायचा तर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभा डोळ्यांपुढे ठेवा. विषय आठ-दहा दिवस आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना लेखी द्या, म्हणजे तो नोटिशीत येतो. आयत्या वेळचा विषय टाळला जातो. गणपूर्तीसाठी १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतली कमी संख्या लागते. ठराव जीईएसीवर बंधनकारक नसतो. म्हणून ‘आम्ही जीएम नाकारतो’ एवढ्यावर न थांबता करता येण्याजोगं मागा : गावाच्या हद्दीत शेतचाचणी घ्यायची असेल तर आधी ग्रामसभेला लेखी कळवावं, जागा आणि पीक जाहीर करावं, शेजारच्या शेताचं नुकसान झाल्यास भरपाई कोण देणार ते लिहून द्यावं. ठरावाची साक्षांकित प्रत जिल्हाधिकारी, जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, आमदार आणि खासदार यांना स्पीड पोस्टाने पाठवा.

हरकती, सूचना आणि लेबल

केंद्राचा मसुदा आला की हरकतींसाठी ३० किंवा ६० दिवस मिळतात आणि ते कुणाला न कळताच निघून जातात. जीएम मोहरीचा अहवाल सप्टेंबर २०१६ मध्ये हरकतींसाठी ठेवला होता. जीईएसीच्या सदस्यांनी आपले हितसंबंध जाहीर करावेत, अशा दुरुस्तीचा मसुदा २०२४ च्या अखेरीस आला. असं काही निघालं की शेतकरी गटाने छापील पत्रावर शंभर सह्या गोळा करण्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या पिकाचा अनुभव घालून दहा वेगळी पत्रं लिहावीत. मराठीत लिहिलं तरी हरकत नाही, कलम नंबर मात्र टाका. तालुक्यात एका माणसाने पर्यावरण आणि कृषी मंत्रालयाची संकेतस्थळं दर आठवड्याला बघायचं काम अंगावर घ्यावं. शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर तिच्या कार्यालयात हे सहज जमतं.

शेती नसलेल्यांसाठी किराणा दुकान हेच ठिकाण. जीएम घटक असलेल्या पाकिटावर तसं लिहावं, असा नियम १ जानेवारी २०१३ पासून वजनमाप कायद्याखाली आणला गेला. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, २०२१ मध्ये स्वतंत्र नियमावलीचा मसुदा काढला. त्याआधी, ऑगस्ट २०२० च्या आदेशाने, २४ आयात पिकांसाठी जीएम नसल्याचं प्रमाणपत्र आणि चुकून मिसळण्याची कमाल मर्यादा १ टक्का ठरली. तेलाच्या डब्यावर ‘आयात’ लिहिलं असेल आणि बियाण्याबद्दल काहीच नसेल तर डब्यावरच्या ग्राहक सेवा पत्त्यावर पत्र टाका : सोयाबीन कोणत्या देशातलं, जीएम की नाही. उत्तर आलं नाही किंवा गोलमाल आलं, तर पत्राची प्रत, बिल आणि डब्याच्या चारही बाजूंचे फोटो लावून जिल्ह्यातल्या अन्न व औषध प्रशासनाच्या सहायक आयुक्तांकडे तक्रार द्या, आणि तिचीही पोच घ्या.